चुंबक देणाऱ्या मावशी आणि त्या वर्षीची आणखी काही माणसं

२०२० च्या लॉकडाऊनबद्दल आता कोणी फारसं बोलत नाही, विषय निघालाच तर घरी केलेल्या पाणीपुरीवर आणि केकवर येऊन संपतो. पण मला हे बरेच दिवस लिहायचं होतं, कारण त्या वर्षी माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि ते वर्ष तिने कसं काढलं ते मी अगदी जवळून बघितलंय. आज ती वस्तू उलटीपालटी करून बघते, कानाशी वाजवते, दिवसभर प्रश्न विचारते, नातेवाईक म्हणतात काय छान संस्कार केलेत. मला दरवेळी सांगावंसं वाटतं की अहो हे आमचं नाही, हे त्या वर्षी ज्यांना घरी बसायची सोय नव्हती त्या माणसांचं आहे.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. तिसरा मजला, रस्त्याकडची गॅलरी. घरात मी, नवरा आणि चिऊ (घरातलं नाव). सासूबाई साताऱ्याकडे गावी. पुण्यात पहिले पेशंट ९ मार्चला सापडले, लगेच बालवाडी बंद झाली, मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू, संध्याकाळी ५ च्या थाळ्या, आणि २५ ला पाडवा आणि लॉकडाऊन एकाच दिवशी. गाठी मिळाली नाही म्हणून गुढीला गुळाचा खडा बांधला. माझं आणि नवऱ्याचं दोघांचंही वर्क फ्रॉम होम, म्हणजे एकाचा कॉल संपला की दुसऱ्याचा सुरू, आणि मधे ही पोरगी.

तर चिऊ म्हणजे तोंड न मिटणारी मुलगी होती. मुंग्या झोपतात का, चंद्र आपल्या स्कूटरच्या मागेच का येतो, कांद्याला आपल्यावर राग आहे का. एप्रिल अर्धा होईपर्यंत हे सगळं थांबलं. एकदम नाही थांबलं, रोज थोडं थोडं कमी होत गेलं, म्हणून आमच्या लगेच लक्षातही आलं नाही. तिने त्या दिवसांत विचारलेला एकच मोठा प्रश्न मला आठवतो, टीव्हीवर रोजचे आकडे सांगत होते आणि ती जेवता जेवता म्हणाली, आई आपण पण मरणार का. आम्ही टीव्ही बंद केला, तिला जवळ घेतलं, पण त्यानंतर ती गप्पच झाली. ॲप घेऊन दिलं, ऑनलाइन चित्रकलेचा क्लास लावला, आजीला रोज व्हिडिओ कॉल. ती सगळं करायची, कशाला नाही म्हणायची नाही, पण डोळ्यांत काही नसायचं. ताप आला तर औषध देता येतं, पाच वर्षांच्या पोराने विचारायचंच सोडलं तर काय द्यायचं हे आम्हाला कळत नव्हतं.

यातून ती बाहेर आली ती गॅलरीमुळे, म्हणजे गॅलरीतून खाली दिसणाऱ्या माणसांमुळे. कारण रस्ता इतका रिकामा होता की जो कोणी दिसायचा तो ठळक दिसायचा. पहाटे दूधवाले काका, तोंडाला उपरणं बांधलेले. मग पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस, त्याच्याकडे कमरेइतकी उंच लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उघडून तो ती आत घालायचा आणि दोन्ही हातांनी फिरवायचा आणि थोड्या वेळाने आमच्या टाकीत पाणी पडायचा आवाज. चौकात उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या पोलीस ताई. आणि साडेआठ-नऊला ढकलगाडी घेऊन कचरा घ्यायला मावशी.

मावशींबद्दल जरा जास्त लिहिते. पुण्यात आमच्यासारख्या बऱ्याच भागात घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या सदस्य गोळा करतात. यातल्या बहुतेक बायका आधी रस्त्यावर, कचराकुंड्यांवर भंगार वेचायच्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली आणि पुढे २००८ पासून 'स्वच्छ'चा महापालिकेशी करार. म्हणजे त्या महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत, प्रत्येक घर महिन्याला जे पैसे देतं आणि सुक्या कचऱ्यातलं जे भंगार विकलं जातं त्यावर त्यांचं घर चालतं. लॉकडाऊनमध्ये भंगाराची दुकानंच बंद होती, तरीही मावशी रोज येत होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, चिऊमुळे कळलं.

झालं असं, एक दिवस चिऊने वरून हाक मारली, मावशी तुम्हाला भीती नाही वाटत का? त्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "वाटती की बाळा. पण तुमचं जेवण थांबलंय का? मग कचरा कसा थांबंल." आणि गाडी पुढे. बस, एवढंच. पण चिऊ दिवसभर त्यावर विचार करत होती, रात्री झोपताना तिने मला विचारलं, आई मग कचरा जातो कुठे? मी इतके दिवस एका प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं मला नीट माहीत नाही, उद्या त्यांनाच विचारू. आणि खरंच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. मावशी पार्किंगच्या कडेला बसून सुका कचरा वेगळा करत होत्या, आम्ही दोघी मास्क लावून जिन्याच्या पायरीवर, मधे चांगलं अंतर. त्यांनी तोंडाने फार सांगितलं नाही, करून दाखवलं. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या. मग एक वेफर्सचं पाकीट आणि एक किराण्याची पिशवी घेतली, आधी एक कानाशी चुरगळली, मग दुसरी. "ऐक, ही कडकड वाजती, ही मऊ हाय, आवाज करत न्हाई. दोन्ही प्लास्टिकच, पण भाव येगळा." डोळ्यांनी बघून जे आपल्याला सारखंच दिसतं ते त्या कानाने ओळखतात. चिऊचं तोंड उघडं ते उघडंच! त्या दिवसापासून घरात आलेली प्रत्येक पिशवी, बिस्किटाचा कागद, साबणाचं वेष्टन आधी तिच्या कानाशी जायचं. दुधाची पिशवी तर ती स्वतः धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घालायची, कारण मावशींनी सांगितलं होतं की ओली पिशवी वास मारते आणि मग भावही येत नाही.

मास्क आणि डायपर वगैरे कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईला हात न लावता कळतं, ही पद्धत पुण्यात आधीपासून आहे पण आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी पाळत नव्हतं. चिऊने लाल स्केचपेन घेतलं. आमच्या पुड्यांवर काढलं, मग शेजारच्या काकूंच्या, मग पूर्ण मजल्याच्या. लोकांना वाटायचं छोटीचा खेळ आहे. खेळ होताच, पण त्या लाल ठिपक्यामुळे कोणाचा तरी हात वाचतो हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि मग ते चुंबक. एप्रिल संपता संपता एक दिवस मावशींनी पायरीवर एक काळं गोल काहीतरी ठेवलं, मधे भोक असलेलं, जुन्या स्पीकरमधून निघालेलं. म्हणाल्या साबणाच्या पाण्यात ठेव रातभर, मग घे. आम्ही ठेवलं. भंगाराच्या धंद्यात हे रोजचं हत्यार आहे, डबा लोखंडी पत्र्याचा की ॲल्युमिनियमचा हे चुंबक लावून बघतात, चिकटलं तर एका ढिगात, नाही चिकटलं तर दुसऱ्या. चिऊने पुढचे कित्येक दिवस घरातली एकेक वस्तू तपासली. तवा चिकटला, तांब्याचा गडू नाही. फ्रिजचं दार चिकटलं. एक आणि दोन रुपयांची नाणी चिकटली पण पाचचं पिवळं नाणं नाही चिकटलं, यावर ती किती वेळ बसून होती! स्टीलच्या डब्यांतले काही चिकटले आणि काही नाही, तेव्हा तर तिला वाटलं चुंबक बिघडलं. मग नवऱ्याने ऑफिसचा कॉल संपवून बसून वाचून काढलं की स्टीलमध्येही प्रकार असतात, आणि दोघांनी मिळून वहीत दोन रकाने केले.

पण खरी गंमत झाली ती कुंडीत. चुंबक मातीत पडलं आणि उचललं तेव्हा त्याला सगळीकडून काळे बारीक केस फुटलेले. चिऊ ओरडली, मी धावत गेले तर ती थरथर कापत होती आनंदाने. आपला सगळा दख्खनचा दगड काळा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा बेसॉल्ट, त्यात लोहाचं खनिज असतं, मॅग्नेटाइट, दगड झिजून माती झाली तरी त्याचे कण राहतात आणि ते चुंबकाला धरतात. हे मला शाळेत भूगोलात शिकवलं असणार. पण तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीत कोट्यवधी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी आहे हे मला त्या दिवशी, कचरा उचलणाऱ्या मावशींनी दिलेल्या चुंबकाने कळलं, आणि मी मुलीइतकीच हरखले.

आता एक वाईट गोष्ट, ती सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की कचरेवाल्या बाईला आत येऊ देऊ नये, पार्किंगमध्ये बसू देऊ नये, नळाला हात लावू देऊ नये, त्या कुठून कुठून येतात. खाली अंगठ्यांची रांग. मला इतका संताप आला की हात कापत होते. याच गॅलऱ्यांमधून २२ मार्चला थाळ्या वाजल्या होत्या, त्या कोणासाठी वाजल्या होत्या मग? आपला कचरा हातात घेणाऱ्या बाईला हात धुवायला नळ नाही? मी लिहिलं, लांबलचक लिहिलं. पहिल्या मजल्यावर एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काका राहतात, त्यांनी मला सपोर्ट केला, म्हणाले मी तीस वर्षं गावोगाव लोकांच्या ओसरीवर पाणी प्यायलोय, मला कोणी नळ बंद केला नाही. दोन दिवस वाद चालला. शेवटी नळ उघडा राहिला, शेजारी साबण आला, वर्गणीतून ग्लोव्हज आणि मास्क आले, आणि जी कुटुंबं गावाला अडकली होती त्यांनीही महिन्याचे पैसे पाठवायचे असं ठरलं. सगळ्यांनी नाही पाठवले, पण बऱ्याच जणांनी पाठवले.

१३ मे ला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य त्या दिवशी दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांनाच हे वर्षातून दोनदा मिळतं, दिल्लीला कधीच नाही. आपल्याकडे दुसऱ्यांदा येतं ते जुलैअखेर, तेव्हा ढग, म्हणून मे महिन्यातलंच खरं. साडेबाराच्या सुमाराला आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याची बाटली, स्टीलचा ग्लास, केरसुणी, सगळं उभं करून ठेवलं. सावल्या आखडत आखडत ग्लासच्या बुडाखाली शिरल्या आणि गेल्या. चिऊ स्वतःभोवती गोल फिरत होती, माझी सावली कुठे गेली म्हणून. मग तिने कठड्याच्या जाळीतून खाली बघितलं, मावशी तेव्हा गेटबाहेर गाडी लावून शेवटच्या गोण्या बांधत होत्या, आणि ही बेंबीच्या देठापासून ओरडली, मावशीऽ तुमची सावली गेली! त्यांनी खाली बघितलं. गाडीच्या दांड्याची सावली नाही, गोणीची नाही. त्यांनी हात लांब करून बघितला, पाय उचलून बघितला, त्या पायाखाली तेवढा काळा ठिपका. मग मोठ्यांदा हसल्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं उन्हात काम करती, हे कधी ध्यानात आलं न्हाई." वॉचमन काकाही केबिनमधून बाहेर आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहून आपले पाय बघत होते. त्या रिकाम्या रस्त्यावर दोन मोठी माणसं आणि गच्चीवर आम्ही तिघं, सगळे आपापली सावली शोधत होतो. चौकातल्या पोलीस ताई काय चाललंय बघायला दोन पावलं पुढे आल्या, चिऊने त्यांनाही वरून सांगितलं, त्यांनी काठी उभी धरून बघितली.

मे च्या शेवटी मावशी यायच्या बंद झाल्या. त्यांच्या वस्तीला पत्रे लावले होते, आत-बाहेर बंद. त्यांच्या जागी दुसऱ्या मावशी आल्या, त्या घाईत असायच्या, त्यांना दोन-दोन रस्ते करावे लागत होते. चिऊ रोज विचारायची. फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांच्या घरात नातू आणि सून धरून सहा जण एका खोलीत, संडास बाहेरचा, सार्वजनिक. आम्ही किराणा पोचवला, पैसे पाठवले, अजून काय करणार होतो. चिऊने फोनवर त्यांना फक्त एवढंच विचारलं की तुमच्याकडे चुंबक आहे का, नसलं तर माझं देते. त्या म्हणाल्या हाय गं माझ्याकडं, चार हायेत. परत आल्या तेव्हा वाळल्या होत्या.

मधे ३ जूनचं निसर्ग वादळ. पुण्यात कोकणासारखं झालं नाही पण वारा फार होता, आमच्या गल्लीतलं एक झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. रात्र तशीच. सकाळी आधी फायर ब्रिगेडची माणसं येऊन करवतीने फांद्या कापून गेली, मग महावितरणचे वायरमन आले, पावसात भिजलेले, आदल्या दिवसापासून घरी गेले नव्हते असं बोलण्यात आलं. एकाने डीपी बंद केली, दुसरा पट्टा बांधून खांबावर. आमच्या गॅलरीच्या जवळजवळ समोरच खांब, त्यामुळे चिऊला सगळं दिसत होतं, तार ओढून घेणं, जंपर बदलणं, पक्कड तोंडात धरून हात मोकळा करणं. खाली उतरल्यावर त्यांना चहा दिला, भिंतीवर ठेवून. चिऊने विचारलं काका लाईट कुठून येते? त्या माणसाला बसायला पण वेळ नव्हता, तरी तो थांबला. म्हणाला, "थोडी कोयनेच्या पाण्याची, थोडी कोळशाची, कुठे पवनचक्कीची. सगळी एकाच तारेत येऊन मिसळते, मग तुझ्या बल्बमधली कुठली ते कोणालाच सांगता येत नाही." आणि चहा संपवून पुढच्या गल्लीत गेला. आजीचं गाव कोयनेकडचं. तेव्हापासून कोणताही दिवा लावला की चिऊ म्हणायची, यात आजीकडचं पाणी असेल.

३० जूनला पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. दरवर्षी पुण्यात पालखी म्हणजे सगळं शहर रस्त्यावर, त्या वर्षी टीव्हीवर फुलांनी सजवलेली एसटी. एसटी ड्रायव्हर काका खालच्या गॅलरीत हात जोडून उभे होते, डोळ्यांत पाणी. आषाढीच्या जादा गाड्या त्यांनी किती वर्षं चालवल्या होत्या. चिऊने वरून विचारलं, काका माऊलींना खिडकी मिळाली असेल ना? काका म्हणाले, अगं ड्रायव्हर बघतो ते, चांगली सीट देतो. मग तासभर त्यांनी तिला घाट कसा उतरायचा ते सांगितलं, गिअर कधी टाकायचा, वारकरी गाडीत अभंग म्हणायला लागले की ड्रायव्हरची झोप कशी पळते.

जुलैमध्ये पुण्यात १३ ते २३ परत कडक लॉकडाऊन लागला आणि त्याच दिवसांत मला ताप आला. वास गेला. स्वॅब सेंटरवर तिघांचंही घेतलं. पीपीई किट घातलेला मुलगा, असेल चोवीस-पंचवीसचा, चेहरा दिसत नव्हता, छातीवर मार्करने नाव लिहिलेलं, आणि हाताच्या कोपरातून घाम अक्षरशः ठिबकत होता. समोर एवढी रांग. चिऊ घाबरून माझ्या पायाला चिकटली. त्याने तिला ती छोटी ट्यूब दाखवली, आत गुलाबी पाणी. विचारलं रंग कोणता? ती म्हणाली गुलाबी, का गुलाबी? तो म्हणाला, या पाण्यात काडी ठेवली की लॅबपर्यंत नीट राहते, आणि पाणी खराब झालं तर रंग बदलतो, म्हणजे आम्हाला कळतं. ती रंगाकडे बघत होती तेवढ्यात त्याने काम केलं. रडली, पण घरी येताना रडण्याबद्दल नाही, रंगाबद्दल बोलत होती.

मी पॉझिटिव्ह, ते दोघं निगेटिव्ह. बेडरूमला अटॅच्ड संडास असल्याने घरीच राहायची परवानगी मिळाली. फॉर्म भरला, दारावर कागद लागला, आमचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा, त्याची गाडीही वेगळी. मी आत, दार बंद. पोरगी दाराच्या पलीकडे. पहिल्या रात्री ती दाराशी चटई टाकून झोपली. मला दारातल्या फटीतून तिच्या बोटांची सावली दिसत होती आणि मी तोंडावर उशी दाबून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा रोज फोन यायचा. त्यांच्याकडे अशा कितीतरी घरांची यादी होती, आवाज बसलेला असायचा. ताप किती, ऑक्सिजन किती, पल्स किती. एकदा फोन चिऊने उचलला आणि सिस्टरनी ठेवून दिला नाही, म्हणाल्या आता तू माझी मदतनीस, आईने सांगितलेले आकडे तू लिहून ठेव आणि मला वाचून दाखव. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली आला तर लगेच बाबांना सांगायचं. म्हणजे मी दाराआडून ओरडून आकडा सांगायचा आणि तिने वहीत, त्याच चुंबकाच्या वहीत, पुढच्या पानावर लिहायचा. ९७ आणि ७९ मध्ये ती गोंधळायची, नवरा तपासायचा. मग तिने सिस्टरना विचारलं की त्या बोटाला लावायच्या चिमट्याला (म्हणजे ऑक्सिमीटरला) कसं कळतं आत किती हवा आहे? दमलेली बाई, रात्रीचे आठ वाजलेले. त्यांनी सांगितलं, घरातले दिवे बंद कर, बाबांच्या मोबाईलचा टॉर्च लाव आणि त्यावर बोट ठेव. फोन चालूच होता. बाहेरून ओरडा ऐकू आला, आईऽ माझं बोट आतून लाल आहे! सिस्टर म्हणाल्या, ते तुझं रक्त, त्यातून उजेड जातो, रक्तात ऑक्सिजन जास्त असला की उजेड वेगळा जातो आणि कमी असला की वेगळा, तो चिमटा एवढंच मोजतो. मी आत अंधारात माझ्याही बोटाला टॉर्च लावला. ताप होता, अंग फुटत होतं, आणि माझ्या बोटात लाल उजेड होता, दाराच्या पलीकडे तिच्या बोटात होता. त्या रात्री मी शांत झोपले.

ज्यांनी त्या काळात कोणाला गमावलं त्यांचा विचार मनात असतो. आमच्याच रस्त्यावर दोन घरांत झालं. आम्ही वाचलो, यात आमचं कर्तृत्व काही नाही. पण मला एवढं नक्की माहीत आहे की त्या सिस्टरला दोन मिनिटं जास्त बोलायची कोणी सक्ती केली नव्हती, वायरमनला नव्हती, मावशींना तर कोणीच साधं विचारतही नव्हतं. प्रत्येकाने आपलं काम थकून भागून करता करता एका पोरीच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. "बाळा, मोठी झाल्यावर कळेल" असं एकानेही म्हटलं नाही. जी माणसं हाताने काम करतात त्यांना वस्तू आतून माहीत असतात, आणि लहान मुलाला नेमकं तेच हवं असतं.

बरी झाल्यावर मी सिस्टरना भेटायला दवाखान्यात गेले, लांबून. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, मदतनीस कुठे आहे? चिऊने त्यांच्यासाठी वहीचं ते पान फाडून आणलं होतं, आकड्यांचं. त्यांनी ते कपाटावर चिकटवलं.

२०२० च्या शेवटी 'स्वच्छ'चा महापालिकेबरोबरचा करार संपला आणि पुढे थोड्या थोड्या मुदतवाढीवर काम चालू राहिलं. त्या महामारीतही काम चालू ठेवलेल्या बायकांना पुढच्या महिन्याची खात्री नाही हे ऐकून मी आणि ड्रायव्हर काकांनी बिल्डिंगमधून सह्या गोळा करून पाठवल्या. ज्यांनी नळ बंद करा म्हणून अंगठे दिले होते त्यांच्यातल्याही काहींनी सही केली, आणि मी त्यांना जुनं काही काढून दाखवलं नाही. त्याच वेळी मावशींना विचारलं की तुम्हाला इथे काय पाहिजे. मला वाटलं पैसे म्हणतील. त्या म्हणाल्या, पावसात कागद भिजतो, भिजला की भाव अर्धा, डोक्यावर पत्रा टाका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय दोनदा पुढे ढकलला गेला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. २०२१ चा पाऊस यायच्या आत गेटच्या डाव्या हाताला शेड झाली, छोटीच आहे, पण बसायला ओटा आहे, नळ आतच घेतलाय. संडासाची किल्ली मात्र अजून वॉचमनकडून मागून घ्यावी लागते. ते बरोबर नाही, या महिन्याच्या मीटिंगला मी आणि काका तो विषय परत मांडतोय.